गाडी काजलच्या नावावर

शोरूममधला सेल्समन सगळं विवेककडे पाहून बोलत होता.

"सर, सनरूफवालं मॉडेल घ्या. सर, याची हाइट बघा. रस्त्यानं चालली की लोक वळून बघतात."

काजल व्हीलचेअरवर बसून त्याच्या पट्ट्याच्या बकलाकडे बघत होती. तिची नजर तेवढीच पोचायची. तिने शांतपणे विचारलं, "गाडी कोण घेऊन राह्यलं?"

सेल्समन हसला. "घरचीच गाडी ना मॅडम."

"घरची नाई. माही. कागद माह्या नावानं बनतीन, हप्ता माह्या पगारातून कटीन. तं माह्याकडं पाहून बोला."

विवेकने मान दुसरीकडे वळवली. बहिणीचं हे चारचौघांत बोलणं त्याला नेहमी टोचायचं. त्याला ती उंच, काळी, रुंद टायरांची गाडी आवडली होती. त्यांच्या गावात, हिंगणीत, तशी एकच होती, त्याच्या दोस्ताकडे, मुकेशकडे. आणि मुकेश तिच्यातून उतरायचा तेव्हा चहाच्या टपरीवरचे लोक बाकावर सरकून जागा करायचे.

काजलला ती नको होती. तिला बाजूची सात सीटांची पांढरी गाडी हवी होती, जिच्याकडे कोणीही वळून बघितलं नसतं. मागची रांग पाडली की व्हीलचेअर घडी करून आत जात होती. पुढच्या सीटची उंची खुर्चीच्या बरोबरीची होती. तिने सेल्समनला दार उघडायला लावलं, खुर्ची दाराला चिकटवली, ब्रेक लावले, हाताने एकेक पाय आत ठेवला आणि दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःच सीटवर सरकली. मग परत खुर्चीत. मग पुन्हा सीटवर. सेल्समन घड्याळ बघायला लागला.

"अवो मॅडम, सर उचलून बसवतील ना तुम्हाला."

"मी उचलीन ना," विवेकही म्हणाला. "आजपावतो कोण उचलून राह्यलं?"

"तेच तं नको हाय मले," काजल म्हणाली.

ती कॉलेजात असताना सेलूच्या वळणावर एक काळीपिवळी जीप उलटली होती. जीपमध्ये माणसं कोंबलेली, टायर घासून गुळगुळीत झालेले. काजल मागच्या दारात एका पायावर उभी होती. त्या दिवसानंतर कमरेखाली काही राहिलं नाही. तेव्हापासून तिला सगळे उचलत होते. विवेक, मामा, कॉलेजचे शिपाई, एसटीचे अनोळखी प्रवासी. कोणी काखेत हात घालून, कोणी गुडघ्याखाली. नोकरी लागली, वर्ध्याच्या सरकारी कार्यालयात तिला स्वतःचं टेबल मिळालं, तरी सकाळ-संध्याकाळ कोणीतरी उचलायचंच. एकदा एका ऑटोवाल्याने तिला सीटवर टेकवून, गिऱ्हाइकाशी बोलत बोलत, पोतं ठेवल्यावर झटकतात तसे हात झटकले होते. ते ती विसरली नव्हती.

"एक अजून," ती सेल्समनला म्हणाली. "ऑटोमॅटिक पाहिजे. क्लच नको."

विवेक मोठ्याने हसला. "ऑटोमॅटिक? थे शहरातल्या बाया चालवतेत. मले गियर पाहिजे."

"तुले काय पाहिजे थे कोणी इचारलं? उद्या हाताचे लिव्हर बसवले तं मीच चालवीन."

"तू?" विवेकने सेल्समनकडे बघून डोळा मिचकावला. सेल्समनने ओठ आवळून हसू दाबलं, पण काजलला ते दिसलं.

तिने पांढरी गाडीच घेतली. खालून गंज न चढण्याचा लेप तिच्यासमोर लावून घेतला. टायरांची बनावटीची तारीख वाचून एक टायर बदलून मागितला. सेल्समन म्हणाला, "मॅडम, एवढं कोणीच बघत नाही." काजल म्हणाली, "मले हे एकच गाडी घ्यायची हाय. म्हातारी होईपर्यंत हेच पुरली पाहिजे." शेवटी किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा फोटोसाठी सेल्समनने ती मोठी पुठ्ठ्याची किल्ली विवेकच्याच हातात दिली.

*

घरी सुलोचनाबाईंनी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, पेढा वाटला, आणि शेजारणीला सांगितलं, "विवेकनं गाडी आणली."

काजलने ऐकलं. "माय, गाडी म्या आणली."

"एकच झालं वं. चालवीन तं थोच ना?"

इथूनच घरात खटका पडला. दोघांमध्ये ठरलेलं साधं होतं. विवेक आधी दुसऱ्याच्या जीपवर बोर धरणाकडे पर्यटक नेत होता. ते काम सुटलं होतं. त्याने काजलला सकाळी वर्ध्याला सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं. पेट्रोल तिचं, महिन्याचं काही त्याच्या हातात. अंगणात त्याने स्वतः लोखंडी पाइप रोवून टिनाचं शेड उभं केलं, कारण बोरच्या जंगलाकडून वांदरं येत आणि टपावर उड्या मारत. काजलने बॉनेटखाली उंदरांसाठी जाळी बसवून घेतली. गाडीत तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचा नाही, कोणी चपलेला चिखल घेऊन बसायचं नाही, हे तिने एकदा नाही, रोज सांगितलं.

पहिल्या आठवड्यातच मागच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरात 'विवेकदादा' असं चिकटलेलं दिसलं. काजलने खुर्ची मागे नेली, घरातून ब्लेड मागवलं आणि एकेक अक्षर खरवडून काढलं. विवेक दारात उभा राहून बघत होता.

"काच खराब होईन."

"होऊ दे. माही हाय."

"अख्ख्या गावात मले हलका करतं तू."

"तू दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव लावतं, अन् हलका मी करतो?"

उरलेलं 'दा' तसंच सोडून ती आत गेली. हात दुखायला लागले होते. दुसऱ्या दिवशी तेही नव्हतं. कोणी काढलं हे कोणी बोललं नाही.

मग वास यायला लागले. काजल दिवसभर कार्यालयात. संध्याकाळी गाडीत बसली की कधी अगरबत्तीचा वास, कधी कोंबड्यांचा. मागच्या सीटवर एकदा हळदीचा पिवळा पंजा उमटलेला होता. व्हीलचेअर जिथे ठेवायची तिथे कापसाची सरकी सांडलेली. गाडी किती चालली हे स्टिअरिंगपुढे आकड्यात दिसतच होतं; वर्ध्याला जाऊन-येऊन एवढं होत नव्हतं.

"हळदीचं कोण बसलं होतं?"

"मुकेशच्या साळ्याची हळद होती पवनारले. चार बाया सोडल्या. काय झिजली का गाडी?"

"झिजते. गाडी झिजतेच. माह्या कामानं झिजली पाहिजे, मुकेशच्या साळ्याच्या नाई."

सुलोचनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता म्हटलं, "भाऊ हाय तुहा. त्याच्यात त्याचे दोन पैसे सुटतेत, तं तुले काऊन जळते? इतक्या वर्षं तुले खांद्यावर नेलं त्यानं."

"म्हून काय जलमभर त्याचं भाडं भरू?"

विवेकने ताट सरकवलं. तो उठला, आणि आवाज न वाढवता, म्हणूनच जास्त लागेल अशा सुरात म्हणाला, "आयक काजल. मी चाकावर बसतो म्हून थे गाडी हाय. मी उतरलो तं थे कपाट हाय. पांढरं कपाट."

ते खरं होतं. त्या आठवड्यात तिने नागपूरला एका कारखान्यात फोन लावला. ब्रेक आणि रेस हाताने चालवायचे लिव्हर बसवून देणारे लोक होते. त्यांनी सांगितलं, गाडी आणा, दोन दिवस ठेवा. गाडी नागपूरला नेणार कोण, तर विवेकच. तो म्हणाला, "पाहू." मग म्हणाला, "पोळा झाल्यावर." आणि पोळा झाल्यावर त्याने विषय काढणंच बंद केलं.

*

पावसाळा सरत आला होता तरी वरच्या टेकड्यांवर जोराची झड लागली होती. कार्यालयातून निघाले तेव्हा वर्ध्यात कोरडं होतं. सेलू ओलांडून ते हिंगणीच्या रस्त्याला लागले, आणि गावाअलीकडच्या नाल्याच्या रपट्यावरून, त्या कठडा नसलेल्या बुटक्या पुलावरून, लालसर पाणी वाहताना दिसलं. रपट्याच्या कडेचे दगड बुडाले होते.

समोरून मुकेशचा ट्रॅक्टर पाणी उडवत त्यांच्या बाजूला आला. मुकेशने वरूनच ओरडून सांगितलं, "काई नाई बे, गुडघाभर हाय. टाक!"

"थांब," काजल म्हणाली. "उतरू दे पाणी."

"ट्रॅक्टर आला ना?"

"ट्रॅक्टरचं चाक पाह्य अन् आपलं पाह्य. इंजिनात पाणी घुसलं तं गाडी संपली, दादा."

"मुकेश पाहून राह्यला," विवेक म्हणाला. त्याच्या दृष्टीने तेवढं कारण पुरेसं होतं. त्याने गाडी उतारावर घातली. पुढची चाकं पाण्यात गेली आणि तळाशी पाणी आपटल्याचा आवाज काजलच्या सीटखालून आला. पाय काही सांगत नव्हते, पण तो आवाज तिच्या पाठीत शिरला. तिने हात टाकला आणि गियरचा दांडा न्यूट्रलला ढकलला. इंजिन नुसतं किंचाळलं, गाडी पुढे जाईना. दुसऱ्या झटक्यात तिने हँडब्रेक ओढला.

विवेकने तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की बांगडी चामडीत रुतली.

"सोड!"

"तू सोड. माही गाडी हाय."

मागून मुकेशचं हसणं ऐकू आलं. "काय बे विवेक, ड्रायव्हर कोण हाय?"

विवेकने मनगट सोडलं. चालू गाडीचं दार उघडून तो घोट्याएवढ्या पाण्यात उतरला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "राह्य मंग. बस आपल्या कपाटात. पाणी उतरलं की येतो." त्याने दार आपटलं. मुकेशने ट्रॅक्टर वळवला, विवेक मडगार्डवर चढला आणि दोघं परत तेच पाणी कापत पलीकडे गेले. विवेकने मागे वळून बघितलं नाही.

काजलने त्याला फोन लावला. त्याने कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिने घरी लावला.

"येईन थो," सुलोचनाबाई म्हणाल्या. "गरम झाला असीन. तू बोललीच असशीन काई."

"माय, मी पाण्यात हाय."

"पाण्यात कायले? गाडीत हाय ना?"

फोन ठेवून तिने खिडकीतून खाली बघितलं. मघाशी चाकाची चकती दिसत होती, आता ती अर्धी पाण्याखाली होती. वाहून आलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा एक गुंता बंपरला येऊन अडकला, थोडा थरथरला आणि वळसा घालून निघून गेला. रस्त्यावर कोणी नव्हतं. तिने हॉर्न वाजवला, थांबली, परत वाजवला.

मग ती ड्रायव्हरच्या सीटकडे सरकायला लागली.

मधे गियरचा दांडा, हँडब्रेक. तिने हातांवर अंग उचललं, ढुंगण पलीकडच्या सीटवर टेकवलं, आणि मग मागे राहिलेले स्वतःचे पाय सलवार धरून ओढले. उजवा आला. डाव्याची चप्पल दांड्यात अडकली. ती चप्पल तिने काढून फेकली. बसल्यावर कळलं की पुढे जोर द्यायला तोल राहत नाही. तिने पट्टा लावून स्वतःला सीटला बांधून घेतलं आणि मागच्या सीटवरची लांब छत्री ओढून घेतली.

छत्रीच्या टोकाने तिने ब्रेक दाबला. डाव्या हाताने दांडा मागच्या गियरला टाकला, हँडब्रेक खाली सोडला. छत्री ब्रेकवरून उचलली. गाडी मागे जाण्याऐवजी उताराने बोटभर पुढे सरकली. काजलच्या तोंडून शिवी निघाली. छत्रीचं टोक तिने बाजूच्या पेडलवर आणलं आणि दाबलं.

गाडी एकदम मागे उसळली. पाण्यातून निघाली, उतार चढली, सपाटीवर आली आणि थांबेना. काजल छत्री ब्रेकवर आणायला बघत होती, टोक घसरत होतं, आरशात एक बाभूळ मोठी मोठी होत आली. मग मोठा आवाज झाला. मागची काच तडकली. तिने हँडब्रेक ओढला, चाबी फिरवली, आणि इंजिन बंद झाल्यावर किती तरी वेळ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली.

जिथे गाडी मघाशी उभी होती तिथे आता नुसतं पाणी होतं.

थोड्या वेळाने शेताच्या धुऱ्यावरून अण्णाजी आले. हिंगणीचेच, सत्तरीचे, जुन्या पाटलाच्या तोऱ्यात बोलणारे. त्यांची वाट रपट्याने अडवली होती. त्यांनी आधी गाडीची मागची बाजू बघितली, मग काजलला ड्रायव्हरच्या जागेवर बघितलं.

"लहानूची पोट्टी ना तू? तू चालवून राह्यली होती?"

"मागं घेत होती, अण्णाजी. मागचं दार उघडता का? माही खुर्ची हाय त्याच्यात."

त्यांनी दार ओढून बघितलं. पत्रा आत दबला होता. दार हललं नाही. "बसलं थे. आता बस तूही. पाय नाई तं गाडी कायले चालवा? तुहा बाप असता तं दोन लगावल्या असत्या. तुमच्या लोकाइले आजकाल लयच घाई झाली हाय सगळ्याची."

"बाप असता तं मले इथं सोडून नसता गेला," काजल म्हणाली. "अन् लोकाइचं काढू नका. पाणी आमच्याच लोकाइले पाहून नाई आलं. तुमीही अडकलेच हा."

अण्णाजी पुलाच्या खांबासारखे ताठ उभे राहिले. "बोलणं पाह्य हिचं," ते म्हणाले. पण ते गेले नाहीत. समोरच्या दगडावर बसले आणि पाणी उतरेपर्यंत बसूनच राहिले, मधेमधे विवेकला, तिला, सरकारला आणि ऑटोमॅटिक गाड्यांना नावं ठेवत. रपटा मोकळा झाल्यावर ते तिच्याशी एक शब्द न बोलता पुढे गेले, आणि गावात जाऊन सांगितलं की लहानूच्या लंगड्या पोरीने नवी गाडी झाडावर घातली.

विवेक आला तेव्हा त्याने पहिल्यांदा दबलेलं दार बघितलं. मग गाडीच्या पुढे जाऊन पाण्याची ओली रेघ रस्त्यावर किती वर आली आहे तेही बघितलं. तो तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा मात्र म्हणाला, "वा. आम्ही सरकी सांडली तं बोंबलत होती. आता हे कोणी केलं?"

"म्या केलं," काजल म्हणाली. "तू पाण्यात सोडली, म्या बाहेर काढली. सरक."

त्याला बसायला जागा द्यायला तिला परत पलीकडे सरकावं लागलं. त्याने मदतीला हात पुढे केला. तिने तो कोपराने उडवला.

*

घरी खुर्ची मधल्या दारातून ओढून काढावी लागली. रात्रीच्या जेवणाआधी तिने दोन्ही किल्ल्या मागून घेतल्या आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवल्या. सकाळी विवेक अंगणात दात घासत उभा होता.

"चाल," ती म्हणाली.

"चाबी तुह्यापाशी. गाडी तुही. पाय आण अन् चालव."

सुलोचनाबाईंच्या हातातला तांब्या थांबला. असं बोलणं त्या घरात यापूर्वी कोणी केलं नव्हतं. पण त्या विवेकला काही म्हणाल्या नाहीत. काजलकडे बघून म्हणाल्या, "देऊन टाक ना वं चाबी. कायले इतकं ओढतं?"

 काजलने कार्यालयातल्या पौर्णिमाला फोन केला. पौर्णिमा आणि तिचा नवरा रत्नदीप दुपारी मोटरसायकलवर आले. रत्नदीप चाकावर बसला, काजल बाजूला, एक पेटी आणि दोन पिशव्या मागे. पौर्णिमा मोटरसायकल घेऊन मागून निघाली. सुलोचनाबाई दारात आल्या नाहीत.

वर्ध्यात पौर्णिमाच्या ओळखीने तळमजल्यावरची एक खोली मिळाली. घरमालकीण देवकाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "खुर्चीच्या चाकानं फरशी काळी नाई झाली पाहिजे." काजल म्हणाली, "झाली तं पुसून देईन." दोघींचं पुढेही याच्यावर कधी जमलं नाही. हेमराजच्या गॅरेजमध्ये मागचं दार ठोकून सरळ झालं, नवी काच बसली. तो म्हणत होता दार नवंच टाका. काजल म्हणाली, उघडते-लागते ना, बस. रंगाखाली एक उंचवटा राहिला तो राहिला. मग रत्नदीपने सुट्टी काढून गाडी नागपूरला नेली आणि हाताचे लिव्हर बसवून आणले: दाबलं की ब्रेक, ओढलं की रेस.

शिकणं सोपं नव्हतं. रत्नदीप बाजूला बसायचा आणि घामाघूम व्हायचा. पहिल्यांदा तिने ब्रेक समजून रेस ओढली तेव्हा मैदानावरची एक गाय आणि रत्नदीप एकाच वेळी ओरडले. "ताई, तुम्ही माह्यावर राग काढून राह्यल्या का?" तो म्हणाला. काढतच होती. तिच्या डोळ्यांपुढे रोज तो रपटा यायचा, आणि मडगार्डवर पाठ करून बसलेला विवेक.

परवान्याच्या परीक्षेला साहेबाने तिला सगळ्यांपेक्षा जास्त फिरवलं. आठचा आकडा काढला, तर म्हणाला परत काढा. चढावर थांबवली, तर म्हणाला परत थांबवा. बाकीचे एकेक फेरी मारून घरी गेले.

"सर, त्याइले एकदा अन् मले चारदा काऊन?"

"तुमची केस वेगळी आहे."

"वेगळी हाय, म्हून म्या चारदाही बरोबर केलं," ती म्हणाली. साहेबाने वर न बघता सही केली.

*

पुढच्या रविवारी ती एकटी हिंगणीला गेली. कोणाला कळवलं नाही. रपट्यावर कोरडी माती होती. तिने काच खाली केली, ओलांडला, काच वर केली. चौकात टपरीवर मुकेश बसला होता. त्याच्या हातातला चहाचा ग्लास तोंडापाशी तसाच राहिला. तिने हॉर्न दिला नाही आणि मान वळवली नाही.

अंगणात शेड नव्हतं. चार खड्डे होते, त्यात पाइप उपटल्याची ताजी माती. टिनं भिंतीला टेकवून ठेवली होती.

विवेक ओसरीवर आला. चाकावर बहीण बसलेली त्याने पाहिली. काही क्षण त्याचा चेहरा पूर्वीच्या दादासारखा झाला, तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत नेणाऱ्या. मग तो परत आवळला.

"टिनं माह्या मेहनतीचे होते," तो म्हणाला. "गाडी नाई तं शेड कायले?"

"बरं केलं," काजल म्हणाली. "कपाटाले शेड नाईच लागत."

"लय गर्मी आली."

"तूच म्हणलं ना, पाय आण. आणले." तिने हाताचा लिव्हर दाबून दाखवला. "तुले येक इचारायचं होतं, दादा. त्या दिवशी पाणी किती वर आलतं थे तू पाहलं. म्या तुले पाहताना पाहलं. तरी तू 'हे कोणी केलं' म्हणला. काऊन?"

  "तू चारचौघात मले ड्रायव्हर केलं," एवढंच विवेक म्हणाला, आणि आत न जाता अंगणातून बाहेर, रस्त्याला लागला. त्या दिवसानंतर दोघं बोलले नाहीत. त्याला पुढे धरणाकडच्या एका जीपवर पुन्हा काम लागलं. रस्त्यात समोरासमोर आले तर तो लाइट दाखवून बाजू मागतो, जशी कोणाही गाडीला मागतात, आणि काजल देते किंवा देत नाही.

सुलोचनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या दाराच्या उंचवट्यावर बोट फिरवलं.

"पवनारले ने," त्या म्हणाल्या. "मावशीची तब्येत बरी नाई. विवेक म्हणे आज नाई जमत."

"बस."

"मी मांगं बसतो."

"बस मांगं."

त्या मागे बसल्या, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. संबंध वाटभर त्या विवेकची बाजू सांगत राहिल्या. पोरगं कसं वाळलं, कसा जेवत नाही, गावात लोक त्याला काय काय बोलतात. बहिणीनं थोडं नमतं घेतलं असतं तर घर तुटलं नसतं. प्रत्येक वळणाला गोष्ट थांबवून "हळू" म्हणायच्या आणि मग पुढे सुरू. ट्रक आला की डोळे मिटायच्या.  सेलूच्या वळणावर मात्र आईची जीभ थांबली. 

"मले पाण्यात सोडलं थे नाई आलं तुह्या गोष्टीत," वळण गेल्यावर काजल म्हणाली.

"आलं असतं. तू बोलू देशीन तं."

"बोल मंग."

सुलोचनाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. कपाशीची बोंडं फुटली होती. त्या म्हणाल्या, "म्या फोन ठेवायले नको होता." आणि लगेच, रागाने, "पण तूही लय बोलतं."

पवनारला मावशीच्या दारापुढे काजलने गाडी उभी केली. एकटी असली की ती बाजूच्या सीटवरून खुर्ची ओढून घेत असे. आज आईच्या पिशव्यांमुळे तिने ती निघतानाच शेजारच्या एका पोराकडून मागच्या दारातून आत ठेवून घेतली होती.  सुलोचनाबाई उतरल्या, सवयीने इकडेतिकडे बघितलं, कोणी पुरुष माणूस दिसतो का म्हणून. कोणी नव्हतं. मग त्या मागे गेल्या, दार उचललं, खुर्ची ओढली. खुर्ची नडगीवर आदळली. त्यांनी खुर्चीलाच एक शिवी दिली, घडी उघडली आणि ढकलत दारापाशी आणली.

"ब्रेक लाव," काजल म्हणाली.

"लावला."

"एकीकडचा लावला. दुसरा कोण लावीन?"

"शिकवू नको मले!" सुलोचनाबाई ओरडल्या, आणि वाकून दुसरा ब्रेक लावला.

काजल हातांवर जोर देऊन खुर्चीत उतरली. सुलोचनाबाईंचे हात उचलायला पुढे आले होते. ते त्यांनी मागे घेतले आणि पिशव्या उचलल्या.